सुजेला हलका हात हवा

'लिम्फॅटिक ड्रेनेज' नावाचा मसाज सध्या शहरांतल्या सलूनमध्ये वजन उतरवण्यासाठी आणि 'शरीरातली घाण काढण्यासाठी' विकला जातो. चरबी त्याने वितळत नाही. घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडे आहेतच. ज्यांना तो खरोखर हवा, त्या बायका मात्र सुजलेला हात पदराखाली झाकून घरी बसलेल्या असतात.

स्तनाच्या कर्करोगात अनेकदा काखेतल्या लसीकाग्रंथी काढाव्या लागतात किंवा तिथे किरणोपचार द्यावे लागतात. पेशींभोवती साचणारे पाणी आणि प्रथिने रक्तात परत नेणारी वाट तिथेच अडते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, हात जड होतो, बांगड्या चढत नाहीत, ब्लाउजची बाही उसवावी लागते. रुग्णाला वाटते, आजार उलटला. घरचे म्हणतात, तेल लावून चांगला रगडून घे.

नेमके तेच करू नये. त्वचेलगतच्या या वाहिन्या फार नाजूक असतात, जोर लावला की दबतात. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये बसवलेल्या पद्धतीत त्वचा जेमतेम सरकेल एवढाच दाब देतात. सुरुवात सुजलेल्या हातापासून नव्हे, मानेपासून आणि छातीपासून होते. पुढची वाट मोकळी झाली तरच मागचे पाणी सरकते.

पण उतरलेली सूज टिकते ती दाबपट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांमुळे. नुसत्या मसाजवर विसंबून चालत नाही. विदर्भातल्या हत्तीरोगाच्या रुग्णाला तर मी मसाजच्या आधी पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला सांगेन. तिथल्या भेगांतून जंतू शिरतात, आणि तापाच्या प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी जाड होतो.

अवयव लाल आणि गरम असेल, ताप असेल, एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल किंवा सूज हृदयविकाराची असेल, तर मसाज नको; आधी डॉक्टर.

सुरुवातीला ही सूज बोटाने दाबली की खळगा पडतो, हात उंच ठेवला की ती उतरते. पुढे ती घट्ट होत जाते आणि उपचारांना दाद देईनाशी होते. म्हणून कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात ही पद्धत शिकलेला एक तरी फिजिओथेरपिस्ट हवा. शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून केसपेपरवर लिहावा. पुढच्या तपासणीत दोन सेंटिमीटरची वाढ दिसली, तर उपचार त्याच दिवशी सुरू करता येतात.