हिरवी खूण आणि काळी बाटली

कुमाऊँमधल्या आमच्या पोस्टच्या खाली साठेक घरांचं एक गाव आहे. वरच्या झऱ्याचं पाणी सिमेंटच्या टाकीत अडवलंय आणि तिथून उताराने पाईप टाकून दारोदार नळ दिलेत. पंप नाही, विजेचं बिल नाही. सरकारी यादीत या गावापुढे ‘हर घर जल’ची हिरवी खूण आहे.

गेल्या पावसाळ्यात तिथे कावीळ आली. आमच्याकडे पोर्टर म्हणून येणाऱ्या एका माणसाची सून सातव्या महिन्यात होती. तिला हल्द्वानीपर्यंत नेलं. ती वाचली, मूल वाचलं नाही. त्याच नळाच्या पाण्याने हे झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, कारण ते तपासायला बाहेरून कुणी आलंच नाही.

गावाने मात्र तपासलं होतं. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं, अशी तरतूद आहे. चांगली तरतूद आहे, मी नावं ठेवत नाही. त्या पाचांपैकी एकीने जुलैमध्येच नळाचं पाणी चाचणीच्या बाटलीत भरलं. पाण्यात घाण मिसळली असेल तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं, पण त्याला ऊब लागते. डोंगरात ऊब कुठली? तिने बाटली लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून चुलीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळं होतं.

तिने निकाल फोनवरून कळवला. ‘नोंद झाली’ असा मेसेज आला. नळ चालूच. मग ती बाटली पदराखाली धरून कार्यालयात गेली. उत्तर मिळालं, “रिपोर्ट ऊपर भेज दी है.” हे ‘ऊपर’ नेमकं कुठे असतं, ते बावीस वर्षं गणवेशात काढून मलाही कळलेलं नाही.

आता आमच्याकडचं सांगतो. निवृत्त मंडळींना हॉरॉक्सची पेटी आठवत असेल. ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टर विल्यम हॉरॉक्सच्या नावाची ही चाचणी. सहा पांढऱ्या वाट्या, एक काळी. काळ्या वाटीत ब्लीचिंग पावडरचं द्रावण, त्याचे थेंब पांढऱ्या वाट्यांत चढत्या क्रमाने. अर्ध्या तासाने इंडिकेटर घालायचं. निळा रंग पहिल्यांदा ज्या वाटीत दिसेल, तितके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला, म्हणजे साहेबाच्या काळच्या शंभर गॅलनला. यात रॉकेट सायन्स नाही, नर्सिंग असिस्टंट रोज करतो.

तरी आमच्याकडेही चूक झाली. दुसऱ्या एका ठिकाणी माझ्याच हाताखालच्या कंपनीत अकरा जवान जुलाबाने आडवे झाले. बोर्डावर रोज ‘क्लोरीन घातले’ लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं. पण पावडर जुनी, ओल लागलेली. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, आमच्या पोत्यात नावालाच उरला होता. त्या सकाळी वॉटर पॉइंटला कुलूप लागलं, दुपारपर्यंत दुसरीकडून टँकर आला आणि संध्याकाळी लेखी जाब मी दिला. माझ्या नावाने, माझ्या सहीने.

गावातल्या आणि आमच्या पाण्यात फरक एवढाच आहे. “फौजेत हुकूम चालतो हो, गावात कसा चालणार?” असं म्हणणारे भेटतात. हुकमाचा काय संबंध? खराब निकाल आला की नळ कुणी बंद करायचा, पर्यायी पाणी कुणी आणायचं आणि जाब कुणी द्यायचा, ही तीन नावं आमच्याकडे आधीच ठरलेली असतात. गावात एकही नाही.

कायद्याची गंमत बघा. बाटलीबंद पाणी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ धरलं जातं. ते असुरक्षित निघालं तर विकणारा तुरुंगात जाऊ शकतो. नळाच्या पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक आहे: १०० मिलीलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू सापडता कामा नये. मिशनच्या व्याख्येतही हेच मानक आहे. पण ते पाळलं नाही म्हणून नळयोजना चालवणाऱ्याला शिक्षा, असं बंधन त्याला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात रामविलास पासवान यांनी राजधान्यांतल्या नळांचे निकाल जाहीर केले, त्यात आपली मुंबई पहिली आली, आणि मानक सक्तीचं करा अशी मागणी त्यांनीच, केंद्रात मंत्री असताना, केली होती.

डोंगरातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण निघाले ते पुण्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता इथे. म्हणजे आम्ही एनडीएत ज्या खडकवासल्याच्या पाण्याकडे बघत तीन वर्षं घाम गाळला, त्याच्याच पायथ्याशी. संशयाचं बोट विहिरीच्या पाण्याकडे गेलं, ते माणसं इस्पितळात पोचल्यावर.

सक्ती केली तर गरीब ग्रामपंचायती योजनाच बंद करतील आणि बायका पुन्हा ओढ्यावर जातील, हा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. म्हणून दंड आधी पंचायतीला नको. टाकी सांभाळणाऱ्याला महिन्याचा पगार आणि पावडर सरकारने द्यावी, निकाल काळा आला की ४८ तासांत पाणी पोचवायची जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकावी आणि ते नाव, फोन नंबरासकट, टाकीवर रंगवावं. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, टीसीएल पावडर आणि ओटी टेस्ट असते, लाल-पिवळी-हिरवी कार्डं असतात. गावी गेलात की विचारा, शेवटची ओटी टेस्ट कधी झाली आणि लाल कार्ड मिळालं तर नळ कोण बंद करतं.

आमच्या डॉक्टर साहेबांनी त्या बाईला हॉरॉक्सच्या वाट्या वापरायला शिकवलं. दोन दिवसांत ती आमच्या पोरांपेक्षा सफाईने करायला लागली. पावडर कुणाच्या पैशाने आणायची, यावर गावाच्या दोन बैठका झाल्या. तिसरी पुढच्या रविवारी आहे. बाटली अजून तिच्या खिडकीत आहे.