दोष दांड्याचा, हाताचा नव्हे

माझ्या ब्लॉगचे निम्मे वाचक नात्यातले आणि निम्मे आमच्याच धंद्यातले. म्हणून आधी नातेवाइकांसाठी एक खुलासा. प्रोग्रॅमिंगमधली लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेला कोड असतो. आपण त्याला नावाने हाक मारायची आणि काम करून घ्यायचं. पुरणयंत्रासारखं. आत काय फिरतं ह्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, वरून शिजलेली डाळ घालायची आणि दांडा फिरवायचा. तो दांडा आणि वरचं तोंड म्हणजे इंटरफेस. माझं मत असं, की लायब्ररी वापरताना माणूस सुखी होणार की रडकुंडीला येणार, हे आतल्या यंत्रापेक्षा ह्या दांड्यावर जास्त ठरतं.

आता उदाहरण. 1996 साली जावा भाषेची पहिली आवृत्ती आली. तिच्यात तारखेसाठी सोय होती: वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे द्या, तारीख तयार. महाराष्ट्राची स्थापना घ्या, 1 मे 1960. कोणीही लिहील 1960, 5, 1. जावा त्याचा अर्थ लावते 1 जून 3860! कारण वर्ष 1900 पासून पुढे मोजायचं, महिने शून्यापासून, आणि दिवस मात्र चारचौघांसारखे एकपासून. म्हणजे लिहायला हवं 60, 4, 1. तीन आकडे आणि तिघांचे तीन कायदे. ही मोजणी जुन्या सी भाषेतून वारशाने आली. तिथे यादीतली पहिली गोष्ट शून्य क्रमांकाची असते, त्यामुळे महिन्यांच्या नावांची यादी करणाऱ्याला ते सोयीचं. सोय बनवणाऱ्याची, फटका वापरणाऱ्याला.

पण विचित्र मोजणीपेक्षाही मला खटकतं ते त्या लायब्ररीचं मौन. 3860 सालची तारीख मागितली तरी ती हूं की चूं करत नाही. महिना 12 दिलात तर मुकाट्याने पुढच्या वर्षीचा जानेवारी देते. चूक एकीकडे होते आणि सहा महिन्यांनी भलत्याच रिपोर्टमध्ये उगवते.

ह्याउलट आतून झाकण लागणारा प्रेशर कुकर बघा. आत वाफेचा दाब असेपर्यंत ते झाकण उघडतच नाही. त्यासाठी पुस्तिका वाचावी लागत नाही की भौतिकशास्त्र यावं लागत नाही. चुकीचं वागणं त्या रचनेतच अशक्य करून ठेवलंय. चांगल्या इंटरफेसची माझी व्याख्या हीच: सहज सुचेल तसं वागलं तर ते बरोबर निघावं, आणि चुकलंच तर तिथल्या तिथे बोंब व्हावी.

दुसरं उदाहरण पीएचपीचं. एका वाक्यात अमुक शब्द आहे का, हा रोजचा साधा प्रश्न. त्यासाठी जे फंक्शन सगळे वापरत, ते 'आहे का' हे सांगत नाही, 'कितव्या जागी आहे' ते सांगतं. शब्द अगदी सुरुवातीलाच असेल तर उत्तर येतं शून्य, आणि पीएचपीत शून्य म्हणजे 'नाही' असाही अर्थ निघतो. शब्द डोळ्यांसमोर आणि प्रोग्रॅम म्हणतो सापडला नाही! 'आहे का' ह्या प्रश्नाला सरळ हो-नाही उत्तर देणारं फंक्शन भाषेत यायला 2020 साल उजाडलं.

इथे आमच्या धंद्यातली मंडळी म्हणतील, "सगळं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, वाचायला काय होतं?" लिहिलेलं आहे, मान्य. सी भाषेतल्या 'गेट्स' ह्या फंक्शनबद्दलही होतं. वापरणाऱ्याने टाइप केलेली ओळ आपल्या भांड्यात ओतणं हे त्याचं काम, पण भांडं केवढं आहे हे सांगायला त्यात जागाच नव्हती. ओळ लांब असली की सांडणारच. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटवर जो पहिला मोठा किडा पसरला, त्याने आत शिरायला वापरलेल्या वाटांपैकी एक हीच होती. सूचना आणि इशारे कितीही दिले तरी ते फंक्शन सुरक्षित करता येत नाही. शेवटी 2011 च्या प्रमाणातून ते काढूनच टाकलं.

ह्याचा अर्थ सगळं सोपं करता येतं असा नाही. काही विषय मुळातच अवघड असतात. भारताची वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, नेपाळची पावणेसहा, आणि अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं सरकतात. हा गुंता जगाचा आहे, लायब्ररीचा नाही. पण मे महिन्याला 4 म्हणणं हा गुंता जगाचा नव्हे. तो कोणीतरी घातलेला आहे.

मला हे इतकं लागतं ते नव्याने शिकणाऱ्या मुलांमुळे. लहान गावातून आलेली, इंग्रजीशी झगडत इथवर पोचलेली हुशार मुलं अशा दांड्याशी दोन दिवस झुंजतात आणि म्हणतात, "मॅम, माझंच लॉजिक कच्चं आहे." दांडा उलटा बसवलाय ही शंकाही त्यांना येत नाही. काही जण मग टेस्टिंग किंवा सपोर्टकडे वळतात, आवडीने नव्हे, तर आपल्याला कोड जमत नाही असं मनाशी ठरवून. हे नुकसान कुठल्याच बग-यादीत नोंदलं जात नाही.

म्हणून लायब्ररी लिहिणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. आतलं यंत्र बनवण्याआधी, ती वापरणाऱ्याला ज्या चार ओळी लिहाव्या लागतील त्या स्वतः लिहून बघा. मग विषयाची माहिती नसलेल्या एखाद्याला द्या आणि शेजारी तोंड मिटून बसा. तो जिथे अडखळेल तिथे त्याला समजावू नका, इंटरफेस बदला. आणि हे लायब्ररी बाहेर पडायच्या आधी करा. जावाच्या त्या तारखेवर 1997 सालीच 'वापरू नका' असा शिक्का बसला, पण जगभरचा कोड तिच्यावर उभा असल्याने ती काढता आली नाही. धडकी पर्यायी व्यवस्था आली 2014 मध्ये. तिच्यात 1960, 5, 1 म्हणजे 1 मे 1960, आणि तेरावा महिना दिलात तर ती तिथेच अडवते.

मधली सतरा वर्षं त्या तारखेपाशी किती जणांनी स्वतःलाच मठ्ठ ठरवलं असेल, कोण मोजणार?