कावळाही लिहा की!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. तेही आपल्याच पक्षीवेड्या दोस्तांशी!

रविवारी पहाटे हातभर लेन्स घेऊन निघायचं, एका दुर्मिळ पाहुण्यासाठी शंभर किलोमीटर गाडी हाकायची, फोटो मिळाला की मिसळ खाऊन परत. वाटेत दिसलेले कावळे, साळुंक्या, बुलबुल? छे, ते काय लिहायचे! मला राग येतो तो इथेच.

चिमणीचंच बघा. "चिमण्या संपल्या, मोबाइल टॉवरने मारल्या" हे आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगतो आहोत. २०२० साली देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा अहवाल आला. त्यात दिसलं की मुंबईसारख्या मोठ्या शहरांत चिमणी घटली आहे, पण देशभराचा विचार केला तर ती साधारण टिकून आहे. आणि टॉवरच्या आरोपाला पुरावा नाही. ज्या कुणी कंटाळा न करता "चिमणी" असं लिहून ठेवलं, त्यांच्यामुळे हे कळलं.

आता उलट उदाहरण. नीलपंख, म्हणजे आपला चास. तारेवर बसलेला दिसायचाच, त्यात काय विशेष? २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा हिशेब मांडला, आणि हा 'त्यात काय विशेष'वाला पक्षी घटताना दिसला. इतका, की त्याच्या धोक्याची पातळी नव्याने तपासावी अशी शिफारस करावी लागली.

यामागचं गणित सोपं आहे हो. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत एखादा पक्षी आहे, हे दरवर्षी पाहायचं. पण त्यासाठी यादी पूर्ण हवी. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, जागा, वेळ, किती मिनिटं पाहिलं, सगळं हवं. तुम्ही कावळा गाळलात, की हिशेबात तिथे कावळा नव्हताच!

"हौशी लोकांच्या नोंदींवर काय विश्वास ठेवायचा?" असं काही विद्वान विचारतात. चुका होतात, मान्य. म्हणून तर वेगळ्या वाटणाऱ्या नोंदी जाणकार तपासतात. खरी अडचण दुसरीच आहे. नोंदी शहरांभोवती आणि सुट्टीच्या दिवशी जास्त, गावाकडून कमी. त्यावर उपाय एकच, गावाकडूनही लिहिणं. तिथली माळरानं सरकारदरबारी 'पडीक जमीन' ठरतात. उद्या माळावर काही उभं राहायला लागलं, तर "इथे पूर्वी खूप पक्षी होते" या वाक्याला कोण विचारतो? तारखेसकट दहा वर्षांच्या याद्या असल्या तर निदान भांडता तरी येतं.

तेव्हा लेन्सवाल्यांनो, तो दुर्मिळ पाहुणा जरूर टिपा, पण कावळ्यासकट. आणि हे वाचणाऱ्या माझ्या काका-मावश्यांनो, सकाळच्या चहाबरोबर अंगणात पंधरा मिनिटं बसा, दिसेल ते ई-बर्डवर लिहा. महागडा कॅमेरा लागत नाही. कंटाळा तेवढा सोडावा लागतो :-)