सवाईला एक रात्र तरी द्या!

डिसेंबर जवळ आला की पुण्यात सवाईची चर्चा सुरू. कोण गाणार, तिकीट कितीला, पार्किंग कुठे, खायला काय. गाण्याच्या वेळेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

१९५३ साली भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव कित्येक वर्षं रात्रभर चालायचा. रमणबागेत शाली गुंडाळून बसलेले लोक मध्यरात्री मालकंस ऐकायचे, पहाटे ललित. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद केला आणि ते प्रहरच गेले.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. शेजारी आजारी माणसं असतात, तान्ही लेकरं असतात. पण विसर्जनाला स्पीकरच्या भिंती दणाणतात तेव्हा हा नियम कुठे जातो? तिथे सगळे गप्प, आणि तानपुऱ्यापुढे घड्याळ!

बरं, हाच नियम बंदिस्त सभागृहांना मोकळीक देतो. महापालिकेची नाट्यगृहं आहेतच की. वर्षातून एक रात्र एक नाट्यगृह द्या, भाडं माफ करा. मांडवाएवढे लोक मावणार नाहीत, मान्य. बाकीच्यांना ऑनलाइन ऐकवा. आयोजकांनी मागावं, नगरसेवकांनी द्यावं आणि आपण रसिकांनी दोघांच्या मागे लागावं.

‘सांस्कृतिक राजधानी’चे फलक नंतर लावा. आधी रागाला त्याची वेळ द्या.