किटली बोटभर कमी भरली

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी तेलाची नवी पिशवी कापली, किटलीत ओतली आणि मला हाक मारली. "अगं, पिशवी गळकी आणलीस का? कुठं सांडलंय बघ जरा."

मी रिकामी पिशवी उलटसुलट करून पाहिली, बाजाराची कापडी पिशवी झटकली, फडताळाचा खालचा कप्पा चाचपला. कुठेही ओशट डाग नव्हता. पण किटली खरंच कमी भरली होती. ही स्टीलची किटली पंचवीस वर्षं आमच्या ओट्यावर आहे. एक लिटर तेल ओतलं की ते बरोबर तोटी जिथं डाकली आहे तिथपर्यंत येतं. या वेळी ते बोटभर खाली थांबलं होतं.

सासूबाईंनी पंचांग वाचायचं भिंग आणलं आणि पिशवीची मागची बाजू धरली. निव्वळ वजन 850 ग्रॅम. त्या एवढंच म्हणाल्या, "लिटरला 910 लागतात." शेंगदाण्याचं असो की सूर्यफुलाचं, लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, हे त्यांना पाठ आहे. म्हणजे साठ ग्रॅम तेल आमच्या घरी आलंच नव्हतं. सांडलं असतं तर निदान पुसून तरी काढलं असतं.

आता माझी चूक सांगते. दुकानात दोन पिशव्या शेजारी होत्या. एक 150 रुपयांची, एक 145 ची. रंग तसाच, उंची तशीच, सूर्यफूलही तसंच. पाच रुपये कमी म्हणून मी दुसरी उचलली. घरी कागद घेऊन भागाकार केला तेव्हा कळलं, की 910 ग्रॅमची पिशवी किलोला 164 रुपये 80 पैशांनी पडली असती आणि मी आणलेली पडली 170 रुपये 60 पैशांनी. स्वस्त म्हणून आणलेलं तेल किलोमागे जवळजवळ पावणेसहा रुपयांनी महाग! रकमेचं मला एवढं काही वाटलं नाही. राग आला तो याचा, की इतकी वर्षं घर चालवून मी किंमत पाहिली आणि वजन पाहिलं नाही.

संध्याकाळी गणपती पेठेत गेले. नेहमीचे दुकानदार सरळ माणूस आहेत. त्यांनी न बोलता चार पिशव्या गल्ल्यासमोर उभ्या केल्या आणि एकेकीवर बोट ठेवत गेले. "ही 910, ही 850, ही 800, ही 750. वहिनी, लिटर म्हणून आता कोणी मागतच नाही. एक पाऊच द्या म्हणतात. मग आम्हीपण पाऊच देतो." चारही पिशव्या लांबून सारख्याच दिसत होत्या.

यामागचा नियम थोडक्यात सांगते. पॅकबंद वस्तूंसाठी 2011 चे वैध मापनाचे नियम आहेत. त्यात चहा, कॉफी, बिस्किटं, पाव, डाळी, पीठ, तेल, मीठ, साबण अशा 19 प्रकारच्या वस्तू ठरलेल्या वजनातच बांधायचं बंधन होतं. ते 2022 मध्ये निघालं. आता कंपनीला हव्या त्या वजनाचं पाकीट काढता येतं. त्याच्या बदल्यात गिऱ्हाइकाला एक गोष्ट मिळाली. पाकिटावर छापील किमतीजवळ एकक किंमत लिहिणं सक्तीचं झालं. युनिट सेल प्राइस किंवा यूएसपी अशा अक्षरांपुढे ती असते. वस्तू किलोपेक्षा कमी असेल तर एका ग्रॅमची किंमत, जास्त असेल तर एका किलोची. ग्रॅमचा आकडा 0.17 असा बारीक दिसतो म्हणून आपण सोडून देतो. त्याला हजाराने गुणा, किलोचा भाव हातात येतो. हा भाव छापील किमतीवरचा असतो, त्यामुळे दुकानात सूट असेल तर भागाकार आपला आपणच करायचा. पाकिटात लिहिल्यापेक्षा माल कमी भरला, तर तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. माझ्या पिशवीबद्दल मात्र तक्रार करता येत नाही. तिच्यावर 850 लिहिलं होतं आणि आत 850 च असणार. मी वाचलं नाही, एवढंच.

पण वाचायचं कोणी आणि कसं? किमतीचा आकडा दुकानाच्या दारातून दिसतो आणि वजन वाचायला भिंग लागतं. साठी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाने दुकानाच्या पिवळ्या दिव्यात चांदीसारख्या चकाकत्या कागदावरचा आकडा वाचावा, ही अपेक्षा मला पटत नाही. बिस्किटाच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते, पुडा मात्र हाताला हलका लागतो. कपड्याच्या साबणाची वडी मधेच कंबरेत बारीक झालेली असते. पूर्वी महागाई आली की भाव वाढायचा आणि घराघरात बोलणं व्हायचं. आता ती वजनातून आत येते आणि कोणाच्या तोंडी तिचं नावही येत नाही. मला हे भाववाढीपेक्षा वाईट वाटतं. भाव वाढला तर माणूस हात आखडता घेतो. वजन घटलं तर त्याला वाटतं, आपल्याच घरात नासधूस वाढली. आमच्याकडे पहिला प्रश्न "गळकी आणलीस का?" हाच निघाला ना!

मोठं पाकीट नेहमी स्वस्त, हा ठोकताळाही आता डोळे मिटून लावता येत नाही. शाम्पूचंच बघा. बऱ्याच नावांच्या बाबतीत एक-दोन रुपयांच्या पुड्या मोठ्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. दोन्हींवरचे मिलिलिटर पाहून हिशेब करा म्हणजे दिसेल.

पाकिटांनी आणखी एक नुकसान केलं. घरातली मापं घालवली. आमच्या घरात पितळेचं एक मापटं आहे, अर्ध्या शेराचं. लग्न होऊन आले तेव्हा तांदूळ त्याने काढायचे, वर हात फिरवून सपाट करायचे. माणशी किती, पाहुणे आले तर किती, सगळं त्या मापट्यावर ठरलेलं. आता सून फोनवर विचारते, "आई, उपम्याला अर्धं पाकीट घेऊ का?" अर्धं पाकीट म्हणजे किती? पाकीट पाचशेचं की चारशेचं? तिला बोल लावत नाही, ती ज्या काळात स्वयंपाक शिकली त्या काळात माप हेच आहे. पण उपमा उरतो तो इथे. उरलेला उपमा दुसऱ्या दिवशी कोणी खात नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सगळं डोक्यात असतानाच बुधवारी बाजारात जे पाहिलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या शेजारी एक बाई मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करत होत्या. वीसची जुडी पंधराला. भाजीवाली सांगत होती, "ताई, पहाटे तीनला उठून आलेय, वीसला परवडत न्हाई, पर घ्या अठराला." त्या ऐकेनात. त्यांच्या खांद्याच्या पिशवीतून तेलाचा पाऊच डोकावत होता, मी आणला तोच, 850 चा. तिथे त्यांनी कोणाशी घासाघीस केली असेल? कोणाशीच नाही. करणार तरी कोणाशी? आणि इथे जी बाई जुडी आपल्यासमोर धरते, सोडून दाखवते, वर मूठभर कोथिंबीर टाकते, तिच्याकडून पाच रुपये काढायला आपण दहा मिनिटं उभे राहतो. अखेर पंधराला जुडी घेऊन त्या गेल्या. भाजीवालीने पैसे कपाळाला लावून पिशवीत टाकले. मला तिच्याकडे बघवेना.

याच्या जोडीला एक पत्रही आहे. गेल्या महिन्यात मी घरखर्चावर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. एका बाईंनी कौतुकाने कळवलं, की तुमचा लेख वाचून आम्हीही आवळायचं ठरवलं आणि भांडीवाल्या बाईचे खाडे कापायला सुरुवात केली, महिन्याला तीनशे रुपये वाचले. हे पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही. बाई, माझ्या लिहिण्याचा अर्थ असा निघत असेल तर मी लिहिण्यात चुकले. तिचा मुलगा तापाने फणफणला म्हणून ती दोन दिवस आली नसेल. तुमच्या घरातले ते तीनशे रुपये तिच्या घरात गॅसच्या टाकीचे असतात. खर्च कमी करायचा म्हटलं की आपला हात सर्वांत आधी हातावर पोट असलेल्या माणसाच्या पैशाकडे जातो, कारण तो उलटून बोलत नाही. भांडीवाली, इस्त्रीवाला, भाजीवाली, रिक्षावाला. याला मी काटकसर म्हणत नाही. आपल्या घरात जे वाया जातं ते थांबवणं ही काटकसर. दुसऱ्याच्या घामाचे पैसे मारणं याला आमच्या सासूबाईंच्या पिढीत वेगळा शब्द होता आणि तो चांगला नव्हता. ते तीनशे रुपये तिला परत द्या. तुमच्या घरातून त्याहून जास्त कसे काढायचे ते पुढे सांगते.

सासूबाईंची जमाखर्चाची वही लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. त्यात खर्च सगळेच लिहितात तसा आहेच. पण मागच्या पानांवर दोनच रकाने आहेत, 'उघडले' आणि 'संपले'. गोडेतेल 5 किलो, 6 तारखेला उघडले, पुढच्या 3 ला संपले. चहा पाव किलो, 1 ला उघडला, 17 ला संपला, पुढे कंसात 'वन्सं राहायला'. गॅस, साबण, काड्यापेटी, सगळं त्यात आहे. किंमत एकाही ठिकाणी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "भाव काय माझ्या हातात आहे? किती दिवस पुरवायचं ते माझ्या हातात आहे."

ही पद्धत मी दोन वर्षांपूर्वी उचलली. वही नको असेल तर डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाका, तेवढं पुरतं. आमच्याकडे 14.2 किलोचं सिलिंडर 38 दिवस जायचं. तारखा समोर आल्यावर कारण शोधावंसं वाटलं. डाळ, हरभरे, राजमा आधी भिजवायला लागलो, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायला लागलो, चहाच्या पातेल्यावर झाकण आलं, आणि दोघांनी दोनदा चहा करण्याऐवजी एकदाच होऊ लागला. आता तेच सिलिंडर 46-47 दिवस जातं. सिलिंडर घेतानाच वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्यापाशी रंगवलेलं असतं, त्यात 14.2 मिळवायचे. आणणाऱ्या मुलाकडे काटा असायला हवा आणि मागितलात तर त्याने वजन करून दाखवायला हवं. त्याच्यावर संशय घेऊन मागू नका, हक्क म्हणून मागा.

कपड्याच्या पावडरीत तर मला स्वतःचीच लाज वाटली. डब्यातला चमचा कधी मोजला नव्हता. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट पावडर रोज पडत होती, आणि जास्त फेस गेला पाहिजे म्हणून पाणीही दुप्पट. विजेचंही तसंच. मी दर 1 तारखेला मीटर वाचते हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा एक दर आणि त्यावरच्या युनिटांना जवळपास दुप्पट. म्हणून 110 युनिट येत असतील तर वरचे दहा कुठून आले ते शोधायला जीव लावावा. साधा छताचा पंखा 75 वॉटच्या आसपास वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. सोळा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. सगळे पंखे बदलायची गरज नाही, जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदला.

दात कोरून पोट भरत नाही, असं यावर हमखास ऐकवलं जातं. कबूल. मुलाची फी, घराचा हप्ता, दवाखाना यांपुढे चहाच्या पातेल्यावरचं झाकण म्हणजे काहीच नाही. पण फी आपल्या हातात नाही, हप्ता आपल्या हातात नाही. ओटा आपल्या हातात आहे. आणि मोजणं सोडलेल्या घराचं आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं असं होतं. आमच्या घरात गॅस, पावडर, वीज आणि उरून फेकलं जाणारं अन्न एवढ्या चार गोष्टींत महिन्याला सात-आठशे रुपये सुटले. पत्र लिहिणाऱ्या बाईंच्या तीनशेच्या दुपटीहून जास्त, आणि कोणाचा एक रुपयाही न कापता.

किटलीवर सासूबाईंनी आता नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली आहे, लिटरची. आज रविवार, तुमच्याही ओट्यावर तेलाची पिशवी असेल. कात्री लावायच्या आधी ती उलटी करा, आकडा वाचा आणि किती निघाला ते मला कळवा. पत्ता तोच, दर आठवड्याचा.