काँगोचा कोबाल्ट आणि मिस्त्रींचं ब्लेड

दोडामार्गात आमच्या घरी ग्रॅनाइट बसवताना मिस्त्री वैतागले, "हल्लीची स्वस्त ब्लेडां दोन दिवसांत बोथट जातत." मी सॉफ्टवेअरवाला, पण शोधत शोधत थेट काँगोत पोचलो.

ब्लेडचे दात म्हणजे कृत्रिम हिऱ्याचे कण आणि त्यांना धरणारी धातूची भुकटी, साधारण 800-900 अंश सेल्सिअसला दाबून भाजलेली. हिरा शेवटी कार्बनच. तापलेलं लोखंड तो कार्बन स्वतःत विरघळवून घेतं, हिऱ्याच्या पृष्ठभागाचं ग्रॅफाइट होतं, कण सैल पडतो. (हिऱ्याने पोलाद कापत नाहीत ते याचमुळे.) कोबाल्टही कार्बन घेतो, पण बराच कमी, आणि कण घट्ट धरतो.

जगातला 70 टक्क्यांहून जास्त कोबाल्ट किन्शासावाल्या काँगोतून येतो. त्यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये निर्यात थांबवली, ऑक्टोबरपासून कोटा लावला. भाव चढले. अशा वेळी कारखान्यांना लोखंडाचा मोह होणारच. तसं लोखंड वाईट नाही. भट्टी आवरली, हिऱ्यावर टायटॅनियमचा थर दिला तर छान चालतं. पण दुकानात हे कसं कळणार? मिस्त्रींच्या ब्लेडच्या पाकिटावर कुठला धातू, काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी म्हटलं, निदान पाणी सोडून कापा, दात कमी तापतील.

"ता माका ठावक आसा. ब्लेड खंयचा घेऊ, ता सांग."