प्रिंटर रुसलाय? आधी त्याचं ऐकून घ्या!

काय दोस्तांनो, शाळेचे प्रकल्प सुरू झाले ना? समजा, तुमचा विषय आहे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके. १८४५ साली पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेले, म्हणजे अगदी आपल्या तालुक्यातले! माहिती जमवली, चित्रं निवडली, रात्री नऊ वाजता 'प्रिंट'चं बटण दाबलं आणि प्रिंटर ढिम्म! मग तुम्ही दहा वेळा तेच बटण दाबता, दादा प्रिंटरला दोन थपडा देतो आणि बाबा म्हणतात, "बिघडला! टाका भंगारात."

जरा थांबा. बहुतेक वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो, कुठेतरी अडलेला असतो. कुठे अडला ते शोधायचं, तर एका वेळी एकच गोष्ट तपासायची. चार गोष्टी एकदम केल्या तर गुण कशानं आला ते कळणार कसं?

काहीच हालचाल नाही? आधी वायर, दिवा आणि कागद पाहा. वाय-फायवरचा प्रिंटर असेल तर तो आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायला जोडलेत ना, ते बघा. मग छपाईची रांग उघडा. तुम्ही दहा वेळा बटण दाबलंत, म्हणजे तिथे दहा कामं उभी आहेत! पहिलं अडलं की मागची सगळी अडतात. सगळी रद्द करा, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा आणि एकदाच हुकूम सोडा.

कागद अडकला? पावसाळ्यात पनवेलच्या हवेत पापड कसे सादळतात, ठाऊक आहे ना? कागदाचंही तसंच होतं. तो हवेतला ओलावा पितो, त्याच्या कडा वळतात आणि दोन-दोन कागद चिकटून आत जातात. तेव्हा आधी प्रिंटर बंद करून प्लग काढा. कागद दोन्ही हातांनी धरून सावकाश ओढा. तो फाटलाच तर तुकडे जुळवून पाहा. कोपरा कमी भरला तर तो अजून आतच आहे! उरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा आणि लागतील तेवढेच बाहेर काढा. लेझर प्रिंटर असेल तर मोठ्यांना बोलवा आणि तो थंड होईपर्यंत धीर धरा. शाईची पूड कागदावर वितळवून चिकटवणारा त्याचा रूळ चांगलाच तापलेला असतो, हात भाजेल.

रंग उडाले? इथे थोडी गंमत ऐका. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत सोल्डरिंगचं तापलेलं टोक शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्या अपघातातून एक युक्ती सुचली. शाई क्षणभर तापवायची, तिचा बुडबुडा होऊ द्यायचा आणि त्याच्या जोरावर थेंब कागदावर उडवायचा. काही कंपन्या उष्णतेऐवजी वेगळ्या रीतीनं थेंब ढकलतात, पण शाई बाहेर पडायची छिद्रं सगळीकडेच केसाहून बारीक असतात. प्रिंटर महिनाभर पडून राहिला की शाई त्यांच्यात वाळते आणि वाट बंद!

कुठला रंग अडलाय ते ओळखायला एक केशरी आंबा आणि हिरवं पान छापून पाहा. प्रिंटर केशरी रंग बनवतो पिवळ्यात गुलाबीसर मॅजेंटा मिसळून आणि हिरवा बनवतो पिवळ्यात निळसर सायन मिसळून. आता सांगा, आंबा पिवळाधमक आला, तर गैरहजर कोण? बरोबर, मॅजेंटा! पान पिवळं आलं तर सायन. आणि पान निळं, आंबा गुलाबी? मग पिवळाच दडी मारून बसलाय.

चोर सापडला की आधी त्या रंगाची शाई शिल्लक आहे ना, ते बघा. असेल तर प्रिंटरच्या यादीतली 'सफाई' एकदा, फार तर दोनदा करा. दर सफाईला शाई खर्च होते, बरं का! तरी नाही जमलं तर प्रिंटर रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. म्हणूनच प्रकल्प आदल्या रात्री नव्हे, दोन दिवस आधी छापा. सकाळपर्यंत थांबायची सवड नसेल तर उत्तम उपायही कामाचा नाही.

पुढे असं होऊ नये म्हणून दोन सवयी लावून घ्या. आठवड्यातून एक लहानसं रंगीत पान छापा. आणि प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणानं बंद करा, भिंतीवरचं बटण एकदम खाली पाडू नका. स्वतःच्या बटणानं बंद झाला की तो शाईचं तोंड झाकणाखाली नेऊन ठेवतो. मग शाई लवकर वाळत नाही.

एवढं करूनही रुसवा गेला नाही, तर खुशाल दुरुस्तीवाल्या काकांकडे न्या. मात्र स्क्रू घेऊन स्वतः आत शिरू नका. आणि काकांना नुसतं "बिघडला" म्हणू नका. "आंबा पिवळा येतोय, दोनदा सफाई केली, शाई भरलेली आहे," असं सांगा. डॉक्टरांना नीट लक्षणं सांगितली की औषध लवकर लागू पडतं, तसंच हेही. काकांचा वेळ वाचेल, बाबांचे पैसे वाचतील आणि एक धडधाकट प्रिंटर भंगारात जायचा वाचेल!